ग्रहांवर कारखाने उभारणारा आयडल गेम: आधी स्प्रेडशीटवर, मग कोडमध्ये

आयडल गेम, म्हणजे आपण काही न करताही ज्यात आकडे वाढत राहतात असा गेम, बाहेरून फार सोपा दिसतो. एक बटण, वर चढत जाणारा एक आकडा आणि त्या आकड्याच्या बदल्यात मिळणारी यंत्रं. म्हणून नव्याने गेम बनवणारे बरेच जण त्यालाच हात घालतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ग्रहापाशी अडकतात. कोड चालतो, आकडे पळतात, पण मंगळावर पोचलेल्या खेळाडूला काहीच नवं वाटत नाही. त्याच्यासाठी मंगळ म्हणजे चंद्रच असतो, फक्त शून्यं जास्त आणि रंग तांबडा.

हा लेख ते अडकणं टाळण्यासाठी आहे. प्रत्येक ग्रहाला स्वतःची एक अडचण द्या, आणि ती अडचण बाहेरून शोधून आणू नका. खऱ्या सूर्यमालेत ती आयती पडलेली आहे: कुठे ऊन कमी, कुठे रात्र लांब, कुठून यान उडवणं महाग. हे सगळं कोड लिहायच्या आधी स्प्रेडशीटवर तपासता येतं. लिब्रेऑफिस किंवा गूगल शीट्स, काहीही चालेल. थोडं गणित येईल, पण फार अवघड नाही.

तूर्त ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आपल्या या गेमला ‘नवग्रह इंडस्ट्रीज’ म्हणू. पंचांगातल्या नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू आणि केतूही येतात, आणि राहू-केतूवर खाण काढता येत नाही, हे मान्य. नाव नंतर बदला.

पायरी १: एकच यंत्र, एकच आकडा

सुरुवात चंद्रावरच्या एका खोदयंत्रापासून करा. मूळ किंमत २० एकक, उत्पादन सेकंदाला ०.२ एकक. प्रत्येक खरेदीनंतर पुढच्या यंत्राची किंमत ठरावीक पटीत वाढते. सूत्र असं:

पुढची किंमत = मूळ किंमत × गुणक^(हाती असलेली यंत्रं)

हा गुणक म्हणजे अख्ख्या गेमची नाडी. २०१३ मध्ये आलेल्या ‘कुकी क्लिकर’ने इमारतींसाठी १.१५ हा गुणक वापरला आणि मग तो जवळजवळ रिवाजच पडला. पुढच्या वर्षी आलेल्या ‘ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट’मधल्या लिंबू सरबताच्या गाडीचा गुणक १.०७ आहे. दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवले तर फरक किरकोळ वाटतो. पण १.१५ ने किंमत दर पाच खरेद्यांनी दुप्पट होते, आणि १.०७ ने सुमारे दहा खरेद्यांनी.

आता शीट उघडा. पहिल्या स्तंभात हाती असलेली यंत्रं: १, २, ३ करत ६० पर्यंत. दुसऱ्यात पुढच्या यंत्राची किंमत, तिसऱ्यात सध्याचं उत्पादन, चौथ्यात किंमत भागिले उत्पादन. हा चौथा स्तंभ म्हणजे खेळाडूने किती सेकंद वाट बघायची. गुणक १.१५ धरला तर तो असा दिसतो: हाती १ यंत्र असताना ११५ सेकंद, ७ असताना ३८, १९ असताना ७५, २९ असताना १९८, ३९ असताना सुमारे १० मिनिटं आणि ४९ असताना ३२ मिनिटं.

वाट बघणं आधी कमी होतं आणि मग वाढतं, इकडे लक्ष द्या. सगळ्यात कमी वाट कुठे, तेही काढता येतं: १ भागिले गुणकाचा नैसर्गिक लॉगरिदम (शीटमधलं ‘एलएन’ हे फंक्शन). १.१५ साठी उत्तर ७ च्या आसपास येतं, १.०७ साठी १५ च्या आसपास. सातव्या यंत्रापर्यंत गेम दर मिनिटाला वेग पकडत असतो आणि तिथून पुढे तो मंदावायला लागतो. म्हणून खरेदी करण्याजोगी दुसरी वस्तू पडद्यावर नेमकी याच सुमारास यायला हवी. आधी आली तर गोंधळ होतो. पंधराव्या यंत्रापर्यंत आलीच नाही, तर खेळाडू टॅब बंद करून मोकळा.

ती दुसरी वस्तू म्हणजे भट्टी. समजा तिची किंमत ३०० आणि उत्पादनात भर सेकंदाला १.५ (कच्च्या मालाचा हिशेब तूर्त बाजूला ठेवू). खेळाडू ती कधी घेईल हे आधीच ओळखायला आयडल खेळणाऱ्यांमध्ये मुरलेलं एक सूत्र आहे. प्रत्येक वस्तूसाठी दोन वेळा मोजायच्या, ती घ्यायला साठवण्याची आणि घेतल्यावर तिने स्वतःची किंमत भरून काढायची, आणि दोहोंची बेरीज करायची. जिची बेरीज कमी, ती आधी घ्यायची.

हाती ८ खोदयंत्रं आहेत, उत्पादन १.६. नववं यंत्र ६१ ला: साठवायला ३८ सेकंद, भरून यायला ३०६, एकूण ३४४. भट्टी: साठवायला १८८, भरून यायला २००, एकूण ३८८. अजून यंत्रच बरं. ते घेतलं की उत्पादन १.८. दहावं यंत्र ७० ला: ३९ आणि ३५२, एकूण ३९१. भट्टी: १६७ आणि २००, एकूण ३६७. इथे पारडं फिरलं.

आपल्याला भट्टी सातव्या-आठव्या यंत्राशी दिसायला हवी होती आणि नवव्यानंतर घेण्यासारखी व्हायला हवी होती, ते जमलं. भट्टीची किंमत ३०० ऐवजी ८०० ठेवून हेच गणित पुन्हा करून पाहा, म्हणजे एका आकड्याने पहिल्या पाच मिनिटांची चव कशी बिघडते ते कळेल. पुढच्या प्रत्येक नव्या यंत्रासाठी हीच परीक्षा घ्यायची.

पायरी २: साखळी आणि तिची तुंबलेली जागा

उद्योगाचा गेम म्हटला की एका मालातून दुसरा माल निघायला हवा. चंद्रावरचा खरा कच्चा माल म्हणजे पृष्ठभागावरची बारीक माती, रेगोलिथ. तिच्या वजनाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग ऑक्सिजनचा असतो, फक्त तो खनिजांत घट्ट बांधलेला असतो आणि सोडवायला भरपूर वीज लागते. एवढ्यातून साखळी तयार होते: खोदयंत्र माती काढतं, भट्टी मातीतून ऑक्सिजन आणि धातू वेगळे करते, ऑक्सिजन यानांच्या इंधनात जातो, धातूतून नवी यंत्रं बनतात.

ज्यांनी पहिल्यांदाच साखळी बांधली त्यांच्याकडून हमखास एक गोष्ट राहते. साखळी कुठे अडली आहे ते खेळाडूला दाखवायचं राहून जातं. साखर कारखान्याच्या गेटाबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली की गाळप कमी पडतंय हे कुणी सांगावं लागत नाही. पडद्यावर मात्र फक्त ‘ऑक्सिजन: ०’ दिसतं, आणि आडात नाही की पोहराच लहान आहे, हे खेळाडूने शोधत बसायचं. म्हणून प्रत्येक यंत्रसमूहापुढे दोनच गोष्टी लिहा: क्षमतेच्या किती टक्के चालू आहे, आणि शंभरपेक्षा कमी असेल तर कशावाचून. ‘भट्टी: ६२%, वीज कमी.’ एवढ्या एका ओळीने निम्मे गोंधळ मिटतात.

यंत्रांचं प्रमाण सोप्या आकड्यांत ठेवा, तीन खोदयंत्रांमागे एक भट्टी, असं. ७.३६ ला १ हे प्रमाण खरं असेल, पण त्यासाठी खेळाडूला कॅल्क्युलेटर काढावा लागेल. आणि वीज साठवायच्या मालासारखी मोजू नका. वीज हा दर आहे: आत्ता किती बनते, आत्ता किती लागते. बॅटऱ्या नंतर येतील, आणि त्या आल्यावर खेळाडूला काय सुटका वाटेल ते पुढच्या पायरीत दिसेल.

पायरी ३: एक पृथ्वीदिवस म्हणजे एक मिनिट

मला या सगळ्या बांधणीत सगळ्यात आवडणारा भाग हा. गेममधलं घड्याळ ठरवताना मनाला येईल तो आकडा घेण्याऐवजी एक माप धरा: खरा एक दिवस म्हणजे गेममधलं एक मिनिट. मग सूर्यमाला स्वतःच वेळापत्रक देते.

चंद्राचा एक दिवस-रात्र मिळून सुमारे २९.५ पृथ्वीदिवसांचा. म्हणजे गेममध्ये पंधरा मिनिटं ऊन, पंधरा मिनिटं काळोख. सौर पॅनेलवर चालणारा तुमचा अख्खा कारखाना दर पंधरा मिनिटांनी थांबणार. ही काल्पनिक अडचण नाही. चांद्रयान-३ चं विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, प्रज्ञान रोव्हरने मातीत गंधक असल्याचं दाखवून दिलं, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्र पडायच्या बेताला दोघांना झोपवावं लागलं. त्या रात्रीनंतर ते जागे झाले नाहीत. गेममध्ये आपण इतकं कठोर व्हायचं कारण नाही, पण पहिल्या रात्री कारखाना बंद पडताना बघणं आणि दुसऱ्या रात्री बॅटऱ्यांवर तो अर्ध्या वेगाने का होईना चालू ठेवणं, यात खेळाडूला मिळणारं समाधान कुठल्याही ‘उत्पादन दुप्पट’ अपग्रेडमध्ये नाही.

मंगळाकडे पृथ्वीवरून कमी इंधनात निघायची संधी सुमारे २६ महिन्यांनी, म्हणजे साधारण ७८० दिवसांनी येते. आपल्या मापाने १३ तास. प्रवास साधारण २६० दिवसांचा, म्हणजे चार तास वीस मिनिटं. नोकरी-कॉलेज सांभाळून दिवसातून एक-दोनदा डोकावणाऱ्याला हे अगदी सोयीचं. यात एक मेख आहे. १३ तासांचं चक्र २४ तासांशी जुळत नाही, त्यामुळे कधी ना कधी ही खिडकी पहाटे तीनला उघडणार. गेमसाठी कुणाला गजर लावून उठवू नये, या मताचा मी आहे. उपाय साधा: यान भरून ‘पुढच्या खिडकीला सोड’ असं सांगून ठेवता यावं, मग ते आपलं आपण निघेल. हे बटण पहिल्या यानापासूनच द्या. बऱ्याच गेममध्ये असली सोय पैसे मोजून घ्यायची वस्तू असते, आणि तिथेच ते मनातून उतरतात.

या मापाने बुधाचा एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंतचा दिवस १७६ मिनिटांचा होतो. पृथ्वी ते चंद्र तीन मिनिटं. मंगळ आणि सेरेस (मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला बटुग्रह) यांच्यातली खिडकी १९ तासांहून जास्त अंतराने. मंगळाचा दिवस मात्र जेमतेम एका मिनिटाचा, त्यामुळे तिथे ऊन-सावली दाखवली तर पडदा लुकलुकत राहील. तिथे सरासरी धरा. माप पाळायचं म्हणून डोळ्यांना त्रास देण्यात अर्थ नाही.

पायरी ४: प्रत्येक ग्रहाचे दोन आकडे

शीटच्या नव्या पानावर प्रत्येक ठिकाणापुढे दोन आकडे लिहा. पहिला, तिथे पृथ्वीच्या कक्षेच्या तुलनेत ऊन किती. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ते कमी होतं, त्यामुळे मोजायला अवघड नाही. दुसरा आकडा मी ‘उड्डाणभार’ म्हणतो: तिथून एक टन माल अवकाशात धाडायला निघताना एकूण किती टन लागतात. तो त्सिओल्कोव्हस्कीच्या रॉकेट समीकरणातून येतो: ई^(मुक्तिवेग ÷ निकास वेग). ई म्हणजे सुमारे २.७१८, मुक्तिवेग म्हणजे त्या ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, आणि निकास वेग म्हणजे इंजिनातून वायू बाहेर पडायचा वेग. हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनासाठी निकास वेग सेकंदाला ४.४ किलोमीटर धरू. वातावरणाचा अडथळा आणि टाक्यांचं वजन सोडून दिलंय, गेमला एवढं पुरतं.

- पृथ्वी: ऊन १, उड्डाणभार १२.७
- चंद्र: ऊन १, उड्डाणभार १.७
- बुध: ऊन ६.७, उड्डाणभार २.६
- मंगळ: ऊन ०.४३, उड्डाणभार ३.१
- सेरेस: ऊन ०.१३, उड्डाणभार १.१
- टायटन (शनीचा चंद्र): ऊन ०.०११, उड्डाणभार १.८

पृथ्वीवरून धाडलेल्या प्रत्येक टनामागे जवळजवळ तेरा टनांची तयारी, आणि सेरेसवरून सव्वा टनसुद्धा नाही. बाहेर कारखाने का काढायचे याचं उत्तर या एका स्तंभात आहे. ते खेळाडूला वेगळं समजावत बसू नका. पहिली दहा मिनिटं त्याला पृथ्वीवरून सामान पाठवायला लावा. पाठवण्याचा खर्च बघितला की चंद्रावर भट्टी लावायची निकड त्याची त्यालाच कळते.

आता एकेका ठिकाणाचं सोंग ठरवा. बुध म्हणजे विजेचं कोठार. पॅनेल पावणेसातपट कमावतात, पण रात्र दीड तासाची. तिथे वीज खाणारे धंदे न्यावेत.

मंगळावर ऊन निम्म्याहून कमी, पण हवा आहे. विरळ, पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी दाबाची, आणि तिच्यात सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यातून ऑक्सिजन काढून दाखवला गेला आहे. नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी या उपकरणाने २०२१ ते २०२३ दरम्यान १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला, सर्वोत्तम वेग तासाला १२ ग्रॅम. म्हणून मंगळावर खोदयंत्राऐवजी हवा ओढणारं यंत्र द्या. माल तोच, वाट वेगळी. चंद्रावर माती खणून खेळाडूने बसवलेली घडी इथे उपयोगाची नाही, त्याला पुन्हा विचार करावा लागतो. तेच तर हवं आहे.

मंगळावर धुळीची वादळं आणायचा मोह होईल. २०१८ च्या वादळाने ऑपर्च्युनिटी रोव्हर कायमचा गप्प केला, त्यामुळे आधार पक्का आहे. पण खेळाडू झोपेत असताना त्याचं नुकसान करणारी घटना आयडल गेममध्ये नको. वादळात उत्पादन कमी होऊ द्या, यंत्रं मोडू देऊ नका.

सेरेसवर बर्फ आहे. २०१५ पासून डॉन यानाने त्याच्याभोवती फिरून ते तपासलं. बर्फ म्हणजे पाणी, पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे इंधन. उड्डाणभार नगण्य असल्यामुळे सेरेस हा आपल्या गेमचा पेट्रोल पंप. विजेची मात्र तिथे बोंब. सौर पॅनेलवर भागणार नाही, म्हणजे अणुभट्टी इथे उघडायची. शेजारच्या सायकी या धातूबहुल लघुग्रहाकडे नासाचं यान ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालंय आणि ते २०२९ मध्ये पोचायचं आहे. त्याचा तपशील येईपर्यंत सायकीला ‘धातू भरपूर, बाकी काही नाही’ असं ठेवायला हरकत नाही.

टायटनवर मिथेनची तळी आहेत आणि वातावरणाचा दाब पृथ्वीच्या दीडपट. ऊन जवळजवळ नाहीच, वरचा आकडाही वातावरणाच्या बाहेरचा आहे, धुक्यामुळे खाली त्याहून कमी पोचतं. प्लॅस्टिक आणि रसायनांसाठी उत्तम जागा.

शुक्र? पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस आणि पृथ्वीच्या नव्वदपट दाब. १९८२ मध्ये सोव्हिएत व्हेनेरा-१३ तिथे १२७ मिनिटं टिकलं. आपल्या मापाने पाच सेकंद. मी शुक्र गाळतो. हौस असेल तर सुमारे ५० किलोमीटर उंचीवर ढगांत तरंगणारं स्थानक करा, तिथे दाब पृथ्वीसारखाच आहे.

पायरी ५: वेळेचा हिशेब

इथे घोडं पेंड खातं. नवशिक्याचा पहिला कोड असा असतो: दर सेकंदाला एक टायमर चालतो आणि साठ्यात उत्पादन मिळवतो. समोर टॅब उघडा असेपर्यंत सगळं ठीक. टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर आवळतो. क्रोम तर बराच वेळ मागे पडलेल्या टॅबचे टायमर मिनिटाला एकदाच चालवतो, आणि पडदा रंगवणारी फ्रेमची फंक्शनं तर पूर्ण थांबतात. म्हणजे खेळाडू तासभर दुसऱ्या टॅबवर होता आणि त्याला मिळालं एका मिनिटाचं उत्पादन.

म्हणून टायमर किती वेळा वाजला यावर कधीही विसंबू नका. शेवटचा हिशेब कधी केला ती वेळ साठवा. दर खेपेला आत्ताची वेळ वजा ती वेळ, इतक्या सेकंदांचं उत्पादन द्या. गेम बंद करून परत आल्यावरचा हिशेबही याच फंक्शनने होतो, त्यासाठी वेगळा कोड लागत नाही.

फक्त एक काळजी घ्यायची. साखळी असताना आठ तासांचं उत्पादन एका गुणाकारात देता येत नाही. मधेच माती संपते, रात्र होते, टाकी भरते. म्हणून गेलेला वेळ एकेका मिनिटाच्या तुकड्यांत कापा आणि प्रत्येक तुकड्यासाठी हिशेब चालवा. आठ तासांचे ४८० तुकडे, साध्या फोनलाही ते डोळ्याची पापणी लवायच्या आत जमतं. महिनाभराने परतणाऱ्यासाठी तुकडे मोठे करा किंवा कमाल मर्यादा ठेवा. मर्यादा १३ तासांपेक्षा कमी नको, नाहीतर मंगळाची खिडकी तिच्यात बसणार नाही. आणि फोनचं घड्याळ मागे केलं तर वजाबाकी ऋण येते. ती शून्य धरा आणि पुढे चला. घड्याळ पुढे करून फसवणाऱ्यांच्या मागे लागू नका, एकट्याने खेळायच्या गेममध्ये तो स्वतःलाच फसवतो.

पायरी ६: मोठे आकडे

जावास्क्रिप्टमधला आकडा साधारण ९ × १०^१५ पर्यंत एककापर्यंत अचूक असतो, आणि साधारण १.८ × १०^३०८ नंतर ‘अनंत’ होतो. दुसरी मर्यादा सगळ्यांना माहीत असते, चटका पहिली देते. समजा साठ्यात १०^१७ एकक माती आहे आणि सेकंदाला ३०० येते. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एका फ्रेमला ५ एकक. पण १०^१७ च्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांमध्ये १६ चं अंतर असतं, ५ मिळवले की बेरीज गोल होऊन जागच्या जागी राहते. यंत्रं चालू, खर्च चालू, साठा हलत नाही. कोडमध्ये चूक शोधून सापडणार नाही. उपाय: हिशेब सेकंदातून एकदा करा, पडद्यावरचा आकडा मधल्या काळात नुसता सरकवा. गेम १०^३०८ च्या पुढे न्यायचा असेल तर मोठ्या आकड्यांची तयार लायब्ररी आधीपासून घ्या. मधे बदलायला गेलात तर प्रत्येक बेरीज-वजाबाकी पुन्हा लिहावी लागते.

दाखवण्याचं म्हणाल तर आपल्याकडे सोय आहे. ‘एमआर-आयएन’ (मराठी-भारत) हे लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची खूण, दिलं की ब्राउझर देवनागरी अंक आणि लाख-कोटीचे स्वल्पविराम आपसूक लावतो. त्याच्या वर कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. परार्ध म्हणजे १०^१७. ‘१.४ परार्ध टन माती’ वाचायला जी मजा आहे ती ‘१.४ई१७’ मध्ये नाही. मात्र खर्व-निखर्वपासून पुढचा क्रम फार थोड्यांना पाठ असतो, म्हणून सेटिंगमध्ये घातांकाचा पर्याय ठेवाच. आकडे उजवीकडे सरळ रेषेत लावा, कारण काही फाँटमध्ये देवनागरी अंकांची रुंदी सारखी नसते आणि पळता आकडा थरथरतो.

पायरी ७: सगळं सोडून पुन्हा सुरुवात

कधीतरी वाट बघणं इतकं वाढतं की सगळं मोडून, काही कायमचा फायदा घेऊन नव्याने सुरुवात करणं परवडतं. याला प्रेस्टिज म्हणतात. फायदा एकूण कमाईच्या सरळ प्रमाणात दिला तर गेम दोन फेऱ्यांत फुटतो. म्हणून मूळ काढतात. वर्गमूळ घेतलं तर फायदा दुप्पट व्हायला कमाई चौपट लागते, घनमूळ घेतलं तर आठपट. ‘कुकी क्लिकर’ घनमूळ वापरतो. पहिल्याच गेमसाठी मी वर्गमूळ सुचवीन, खेळाडूला फेरी संपवण्याचं बक्षीस लवकर कळतं.

पण आपल्या गेममध्ये सगळंच पुसू नका. तंत्रज्ञान राहू द्या, कारखाने जाऊ द्या, आणि दुसऱ्या फेरीची सुरुवात चंद्राऐवजी सेरेसवरून करायचा पर्याय द्या. तिथे पहिल्याच मिनिटाला वीज कमी, इंधन स्वस्त. तीच सूर्यमाला उलट्या क्रमाने खेळायला मिळते आणि तुम्हाला नवा ग्रह लिहावा लागत नाही.

पायरी ८: तपासणी आणि प्रकाशन

पायरी १ मधलं ‘काय आधी घ्यावं’ हे सूत्र वापरून शीटवर किंवा छोट्या प्रोग्रॅमने गेम आपोआप खेळवा. कुठल्या मिनिटाला कोणती वस्तू आली एवढंच छापा. दोन नव्या गोष्टींमध्ये पहिल्या तासात पाच मिनिटांहून लांब मोकळी जागा दिसली, तर तिथली किंमत कमी करा. मग खऱ्या माणसाला द्या, पाठीमागे उभे राहा, आणि तोंड उघडू नका. त्याने ‘आता काय करू?’ विचारलं, तर ती वेळ लिहून ठेवा. दुरुस्ती तिथे करायची आहे.

सेव्हची फाईल पहिल्या दिवसापासून आवृत्ती क्रमांकासह लिहा. नाहीतर दुसऱ्या महिन्यात तुम्ही ‘भट्टी’चे दोन प्रकार कराल आणि जुन्या खेळाडूंचे सेव्ह उघडणार नाहीत.

प्रकाशनासाठी इच डॉट आयओ हे छोटे गेम ठेवायचं संकेतस्थळ सोपं: सगळ्या फाईलींची झिप, आत इंडेक्स नावाची एचटीएमएल फाईल, झालं. तिथे गेम पानाच्या आतल्या एका चौकटीत, वेगळ्या डोमेनवरून चालतो, आणि काही ब्राउझर अशा चौकटीला माहिती साठवू देत नाहीत किंवा मधूनमधून पुसतात. खेळाडूचे तीन आठवडे त्यात जाऊ शकतात. म्हणून सेव्ह मजकूर स्वरूपात बाहेर काढायचं आणि परत घालायचं बटण सेटिंगच्या तिसऱ्या पानात लपवू नका. ते मुख्य पडद्यावर, सेव्हच्या शेजारीच ठेवा, आणि पहिली मंगळमोहीम सुटली की एकदा त्याची आठवण करून द्या.